अंधाराचं समन्स

चौथ्या माळेच्या सकाळी मी देवघराचा पडदा सारला आणि घटात लाल उगवलेलं पाहिलं. आधी वाटलं, कुंकू सांडलं. मग वाटलं, कालच्या माळेतली झेंडूची पाकळी गळली असेल. मग चष्मा आणायला मागं फिरले, तर चष्मा डोळ्यांवरच होता. वाकून पाहिलं. घटाभोवतीच्या मातीत दरवर्षी या दिवशी बारीक, पिवळट कोंब डोकं वर काढतात. तिथं आज बोटाच्या पेराएवढी, बुटकी, ठसठशीत रोपं उभी होती, बुडापासून शेंड्यापर्यंत लालबुंद, आणि त्यातल्या काहींनी तर चक्क पानं उघडली होती. माझ्या हातात शेवंतीची माळ, पाठीवर ओले केस, तोंडात अर्धं म्हटलेलं स्तोत्र. ते तिथंच राहिलं. भीती वाटायला हवी होती. कुळाचा घट, आणि त्यात हे असलं भलतंच. पण खरं सांगते, आधी जे वाटलं ती भीती नव्हतीच. 'अगं बाई, काय सुंदर!' असंच वाटलं, आणि भीती त्याच्या मागून, तारखेला उशिरा आलेल्या वकिलासारखी धापा टाकत आली.

वकिलाचं तोंडात येतं ते सवयीनं. धाराशिवच्या कोर्टात कारकून म्हणून माझी सगळी नोकरी गेली, नुकतीच निवृत्त झाले. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रा करतात, मी घरातल्या घरात तपास करते. साखर कुणी सांडली, पंखा कुणी चालू ठेवला, यांचा चष्मा शेवटचा कुणी पाहिला. 'हे' म्हणजे विष्णुपंत, माझे यजमान, गणिताचे निवृत्त मास्तर, आणि बहुतेक प्रकरणांतले एकमेव आरोपी. तेव्हा भीती थोडी बसल्यावर मी आपोआप तपासाला लागले, आणि नजर वर फळीवर गेली. फळीवर दोन स्टीलचे डबे असायला हवे होते, एकच होता. दुसरा मी पहिल्या माळेला रिकामा करून घासून ठेवला होता. उरलेला उघडला. तोही रिकामा. उलटा करून नाव वाचलं, टिंबाटिंबांनी कोरलेलं 'सौ. नीला'. आणि मग सगळं प्रकरण एकदम डोळ्यांपुढं उभं राहिलं.

लग्नात आईनं मला असे लहान डबे दिले होते, सगळ्यांवर हेच नाव. त्यातला एक कायम तामलवाडीच्या वाटेवर असतो. तिथं शांताक्का राहतात, यांची थोरली बहीण. घटासाठी विकतचं धान्य चालत नाही, रानातलंच लागतं, म्हणून दर नवरात्राआधी शांताक्का त्या डब्यातून मालदांडी ज्वारी पाठवतात, आणि डबा रिकामा परत द्यायचा नसतो म्हणून मी त्यात लाडू भरून धाडते. दुसरा डबा आमच्या अस्मितानं बंगळुरूला शिकायला जाताना चिवड्यासकट नेला होता. या खेपेला तो परत आला, आणि त्यातही ज्वारीच होती. तिची ज्वारी. घरात अंधारी आणि गार जागा एकच, जिन्याखालचं देवघर, म्हणून तिनं तो तिथं फळीवर ठेवला. पहिल्या माळेला मी आंघोळ करून, ओलेत्यानं, हाताला लागला तो डबा उचलला. डब्यावर माझं नाव, आत ज्वारी. इतका भक्कम पुरावा कोर्टातसुद्धा क्वचित मिळतो. मी देवीचं नाव घेऊन पेरून मोकळी झाले. आणि दुपारी अस्मितानं पडद्याबाहेरूनच हात घालून उरलेला डबा उचलला, त्यावरही माझंच नाव, आणि शांताक्काची साधीसुधी ज्वारी प्रदर्शनासाठी आणलेल्या तिच्या त्या काळ्या पेटीत पेरली.

म्हणजे आज पहाटे जे झालं ते असं होतं. पहाटे कोठीच्या खोलीचं दार वाजलं होतं, अस्मिता आपली पेटी उघडायला गेली होती. चार दिवस त्या पेटीला तिनं कुणाला हात लावू दिला नव्हता. मी न्हाणीघरात होते, तिथून ऐकलं. ती बाहेर आली आणि जिन्याच्या पायरीवर बसली. "बाबा, पिवळं आलं." हे दाढी करत होते. म्हणाले, "पिवळं म्हणजे उत्तमच की. घट असाच येतो." "घट नाही हो बाबा तो. पिवळं आलं म्हणजे काहीच झालं नाही. लाल यायला हवं होतं. अख्खं वर्ष फुकट गेलं माझं." मग थोड्या वेळानं, अगदी शांतपणे, मला न आवडणाऱ्या शांतपणे, ती म्हणाली, "पुण्याचं ऑफिस उघडलं की फोन करून सांगते, माझं काम प्रदर्शनात धरू नका. आणि आईला सांगा, इथल्या कॉलेजातल्या जागेला अर्ज करते म्हणून. तिला बरं वाटेल." मी बादलीत तांब्या बुडवून तशीच उभी होते. मला बरं वाटलं होतं. लपवून काय करू, पोरगी जिन्यात हिरमुसून बसली होती आणि मला क्षणभर, पाणी अंगावर घ्यायच्या आधी, फार बरं वाटलं होतं.

तिचं काम काय, हे मला पहिल्यांदा कळलं नाही, दुसऱ्यांदा कळलं तेव्हा पटलं नाही. ती चित्रकार आहे. निदान आम्ही फी भरली ती चित्रकलेची. बंगळुरूला एका प्रयोगशाळेत चित्रकारांना शास्त्रज्ञांच्या शेजारी टेबल देतात म्हणे. तिथं रंग, कुंचले सोडून ही बाई ज्वारीच्या जनुकांत कात्री चालवायला शिकली. जनुकं कापून कसली कला, असं मी विचारलं, तेव्हा तिनं मला पोळ्या लाटता लाटता समजावलं होतं. "आई, बी अंधारात रुजलं की आतल्या आत एक निरोप फिरतो, अंधार आहे, हिरवं होऊ नको, पानं उघडू नको, नुसतं वर वर जा. तो निरोप पोचवणारं एक जनुक असतं. मी तेवढंच कापलंय. बाहेरचं काही घातलेलं नाही. आता त्या रोपाला अंधार आहे हे कळतच नाही. ते अंधारातही उजेडात असल्यासारखं वागतं. बुटकं राहतं, लाल होतं, पानं उघडतं." मी म्हटलं, "म्हणजे अंधारानं समन्स काढलं, पण बजावलंच गेलं नाही." ती लाटणं हातात घेऊन हसत सुटली. म्हणाली, "आई, शास्त्रज्ञांना दोन पानं लागली हे सांगायला." मला ते आवडलं, पण कौतुकाला भुलून मुद्दा सोडणारी मी नव्हे. म्हटलं, "ते ठीक. पण हे नैसर्गिक नाही. देवानं केलं तसं असू द्यावं माणसानं. नसती उठाठेव कशाला?"

त्यावर तिनं माझ्या डोक्याकडं पाहिलं. नवरात्रात केसांना रंग लावायचा नाही, म्हणून मी अमावस्येच्या आधीच्या रविवारी डोकं काळं कुळकुळीत करून घेतलं होतं. दोन्ही कानांवर अजून डाग होते. यांच्या डोळ्यांत सोलापूरच्या डॉक्टरनं बसवलेली भिंगं आहेत, दाढा परक्या आहेत, हृदयात एक जाळी आहे, आणि त्या सगळ्यानिशी ते रोज सकाळी अंगणात उभे राहून 'निसर्गासारखं औषध नाही' म्हणून प्राणायाम करतात. मग अस्मिता म्हणाली, "आई, तुझा पिवळा घट तरी नैसर्गिक आहे का? हीच ज्वारी रानात पेरली तर हिरवी येते. तू तिला जिन्याखाली कोंडतेस म्हणून ती पिवळी पडते." मी पोळी तव्यावर टाकली आणि ती पोळी माझ्या हातून करपली. उत्तर नसलं की माझी पोळी करपते, घरात सगळ्यांना माहीत आहे.

आता मी त्याच घटापुढं पाटावर बसले होते. माळ अजून हातात. तितक्यात फोन वाजला. नवरात्रात शांताक्का रोज सकाळी घटाची खुशाली विचारतात.

"नीला, कसा हाय गं घट?"

"आलाय, अक्का."

"किती आलाय?"

"पेराएवढा."

"एवढाच? आवंदा लई टपोरी ज्वारी दिली व्हती म्या. पाणी कमी घालायलीस काय?"

"नाही हो, घालते की."

"आन रंग?"

प्रश्न अगदी थेट होता. "रंग चांगला आहे," मी म्हणाले. साक्षीदार अशी उत्तरं द्यायला लागला की आमचे साहेब चष्म्यावरून बघायचे.

"चांगला म्हंजी? हळदीवाणी हाय का न्हाय?"

"अक्का, दूध उतू जातंय," म्हणून मी फोन ठेवला. दूध फ्रिजमध्ये होतं.

खोटं बोलले म्हणून देवीपुढं कान धरले आणि तशीच बसून राहिले. समईची ज्योत हलत नव्हती. बाहेर जिन्यावर अस्मिताच्या पायाची चाळवाचाळव ऐकू येत होती. माझ्या डोक्यावरच ती बसली होती, मध्ये फक्त पायरीची फरशी. ती वर, मी खाली, आणि तिचं हरवलेलं वर्ष माझ्या गुडघ्याशी लाल होऊन उभं. जगात ही गोष्ट ठाऊक असलेली मी एकटीच होते. देवघरात नवरात्रात माझ्याशिवाय कुणी येत नाही. मी गप्प बसले तर दसऱ्याला सगळं विसर्जन होऊन जाणार, पोरगी इथल्या कॉलेजात शिकवणार, संध्याकाळी दारात तिची चप्पल असणार. मी त्या चपलेचं वर्षभर स्वप्न पाहत होते. स्वप्नातसुद्धा तिचा डावा पट्टा तुटलेला असायचा, कारण ती कधी चप्पल वेळेवर शिवून घेत नाही. बरं, यात मी खोटंही बोलायचं नव्हतं. मला कुणी विचारलेलंच नव्हतं. कोर्टात पाहिलं आहे, विचारलेलं नसताना कुणी बोलत नाही, आणि निम्मे लोक त्यामुळंच सुटतात. शिवाय बोलले तर घट हलवावा लागणार. काचेच्या पेटीतून रोपं बाहेर काढायची नाहीत, कणसं धरायच्या आधी प्रयोगशाळेत परत आणायची, अशी तिनं लेखी हमी दिली होती. ती मी वाचली होती, कुणाचंही हमीपत्र दिसलं की मी वाचते. आणि बसवलेला घट दसऱ्याआधी हलवायचा नाही, हे मला लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी सांगितलं होतं. वर्षानुवर्षं मी त्याच्याशेजारचा तांब्यासुद्धा श्वास रोखून उचलत आले. एवढे सगळे कायदे माझ्या बाजूनं होते. मी फक्त माळ लावून, नमस्कार करून उठायचं होतं.

पण उठवेना. ती रोपं माझ्याकडं बघत होती असं म्हणणं वेडेपणाचं आहे, रोपं बघत नाहीत. मीच त्यांच्याकडं बघत होते. किती आत्मविश्वासानं उभी होती! आमचे नेहमीचे कोंब कसे बिचारे असतात, लांबच लांब, लुळे, एकमेकांवर रेललेले, कुठूनतरी उजेड येईल म्हणून माना उंचावत राहतात आणि दहाव्या दिवशी आपण ते उपटून टोपीत खोवतो. मला ते फार प्रिय आहेत, त्यांचा तो कच्चा, दुधाळ वास म्हणजेच माझ्यासाठी दसरा. पण हे काही वेगळंच होतं. यांना कुणीतरी काहीतरी सांगितलेलं होतं. आणि 'सांगितलेलं' हा शब्द मनात आला मात्र, मला एक जुना आवाज ऐकू आला.

तेव्हा आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो, देवघर म्हणजे भिंतीतलं एक कपाट. अस्मिता पहिलीत असेल. घटावर पाणी शिंपडताना मागून डोकावून तिनं विचारलं होतं, "आई, हे हिरवं का नाही?" मी म्हटलं, "अंधारात आहे ना, म्हणून. उजेड कुठं आहे ते शोधतंय, म्हणून नुसतंच लांब होतंय." तिला ते अजिबात आवडलं नाही. तिचा खालचा ओठ पुढं आला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि शांताक्का आत शेवया निवडत होतो, बाहेरच्या खोलीतून कुजबुज आली. जाऊन पाहतो तर ही पोट जमिनीला लावून कपाटासमोर पडलेली, तोंड दाराच्या फटीला, आणि आत सांगतेय, "इकडंय. इकडंय उजेड. ये." शांताक्का पदर तोंडात धरून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी पण हसले. मग शेवया, मग दसरा, मग शाळा, मग कोर्टातल्या तारखा, आणि ती दुपार कुठं गेली ते कळलंच नाही. मला वाटायचं, पोरं मोठी होतात म्हणजे असल्या दुपारी टाकून पुढं जातात. ही टाकून गेलीच नव्हती. ती दुपार चिवड्याच्या डब्याबरोबर बंगळुरूला घेऊन गेली होती, भलीमोठी यंत्रं आणि शास्त्रज्ञ आजूबाजूला ठेवून, शांताक्काच्याच रानातली ज्वारी घेऊन, तिनं पुन्हा फटीला तोंड लावलं होतं. आणि या वेळी ज्वारीनं ऐकलं होतं. मी याला उठाठेव म्हणाले होते. मला हसू यायला लागलं, डोळ्यांत पाणीही यायला लागलं, आणि माळेतली शेवंती मी मुठीत चुरगळत होते ते उशिरा लक्षात आलं.

ज्वारीचं कळलं, पण घटाचं काय? देवीच्या तोंडाकडं पाहिलं. आमच्या देवघरात तुळजापूरच्या आईचा टाक आहे, चांदीचा, झिजून नाकडोळे पुसट झालेला. माझं माहेर नळदुर्गचं. आमच्या गल्लीतले देव दगडात रुतलेले, जागचे न हलणारे, देव म्हणजे असाच असतो अशी माझी समजूत. लग्न करून तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरात आले, आणि पहिल्याच भाद्रपदात सासूबाई सहज म्हणाल्या, "आज आई निजायला जाणार." मला वाटलं, बोलायची रीत असेल. तर खरंच, मूर्ती सिंहासनावरून उचलतात, शेजघरात पलंगावर निजवतात, नवरात्र आलं की उठवून परत जागेवर. दसऱ्याला ती पालखीत बसून बाहेर येते, सीमोल्लंघन करते, आणि दमून पुन्हा निजते. मी नवी सून, तोंडाचा आ वासलेला. "देवीला हलवतात?" "आगं, चल मूर्ती हाय ती," सासूबाई म्हणाल्या होत्या, जसं काही गल्लीतल्या बाईबद्दल सांगावं, ती काय, बाजारात गेली असेल. त्याच सासूबाईंनी घट हलवू नको म्हटलं होतं, हेही खरं. दोन्ही आदेश एकाच कोर्टाचे. पण वरच्या कोर्टाचा निकाल खालच्यावर बंधनकारक असतो, आणि आईपेक्षा वरचं कोर्ट आमच्या जिल्ह्यात तरी नाही. जी स्वतः उठते, निजते, हिंडते, ती माझ्या परडीभर मातीसाठी अडून बसेल? मी माळ लावली. चुरगळलेली फुलं मागच्या बाजूला केली. नमस्कार केला आणि उठले. गुडघे कटकन वाजले.

अस्मिताच्या कानाला फोन होता. पलीकडं घंटी वाजत असावी. "ठेव तो," मी म्हणाले.

"आई, सांगून टाकू दे गं. मग मी येते जेवायला."

"आधी देवघरात ये."

"माझी आंघोळ नाही झालेली."

"चालतंय," मी म्हणाले, आणि ते ऐकून विष्णुपंत वर्तमानपत्राआडून बाहेर आले. आमच्या घरात हे वाक्य पूर्वी कधी उच्चारलं गेलं नव्हतं.

मी पडदा धरून उभी राहिले. ती वाकून आत गेली. मी डोकावले तर ती पाटावर बसलेली, हात मांडीत, तोंड उघडं. मग हळूच म्हणाली, "आई, पानं उघडलीत." मग ओरडलीच, "पानं उघडलीत! तिकडं प्रयोगशाळेत सहा-सहा दिवस लागायचे! काय केलंस तू?" "काय करणार? पाणी घातलं, स्तोत्र म्हटलं," मी म्हणाले, आणि उगाच मोठेपणा नको म्हणून पुढं सांगितलं, "डबे बदलले. दोन्हींवर माझंच नाव. तुझं काहीच चुकलेलं नाही, अस्मिता. तुझं आलंय. पेरलं मी." ती हसायला लागली, मग रडायला लागली, मग दोन्ही एकदम करायला लागली, आणि मधेच तिनं खाली वाकून डोकं टेकवलं. देवीपुढं की ज्वारीपुढं, मी विचारलं नाही.

मग तिचाच चेहरा उतरला. "पण घट हलवायचा नसतो ना, आई? तू तर आम्हाला देवघरासमोरून पळूसुद्धा द्यायची नाहीस." ती पाटावरून उठली, ओढणीनं नाक पुसलं. "राहू दे. खरंच राहू दे. फोटो काढते, पिवळी पेटी घेऊन जाते, तिथं सांगते काय घडलं ते. तेही काही वाईट नाही. तुझा घट नको मोडायला." मी तिच्याकडं पाहिलं. वर्षभराचं काम, आणि ही माझ्या परडीसाठी पाणी सोडायला निघाली होती. आणि मी मघाशी खाली बसून तिच्या चपलेचा हिशेब करत होते. लाज वाटली, पण लाजेत रमायला वेळ नव्हता. "मोडायचा कुणी म्हणतंय?" मी म्हणाले. "आई स्वतः पलंगावर जाते-येते. घट पुण्याला जाऊन येईल. तुझी पेटी आण इकडं."

तिची पेटी म्हणजे काळ्या कागदाचं अस्तर लावलेला लाकडी खोका, आत काचेची पेटी आणि तिच्यात मातीची गोल परात. तामलवाडीचीच काळी माती, शांताक्काच्या पिवळ्या कोंबांचं गोल कडं, आणि मध्ये काहीच नाही, एक वाटोळी मोकळी जागा. "हे मध्ये रिकामं कशाला ठेवलंस?" मी विचारलं. "तिथं घट नाही, हे दिसावं म्हणून," ती म्हणाली आणि एकदम लाजली. म्हणजे तिनं पेरलेला घटच होता, फक्त घटावाचून. वर्षभर ही पोरगी माझंच देवघर लोकांना दाखवायची तयारी करत होती आणि मी तिला नैसर्गिकचे धडे देत होते.

यांनी समई धरली. नातवंडाच्या बारशाला धरतात तितक्या गंभीरपणे धरली. "समीकरणात पदं इकडची तिकडं नेली," ते म्हणाले, "तर चिन्ह बदलतं. बाकी काही होत नाही." "तुम्ही ज्योत सांभाळा," मी म्हणाले. मी घट दोन्ही हातांनी धरला. वाटला होता त्यापेक्षा जड निघाला, आणि गार, बाहेरून पाझरून ओला. तोंडातून 'आई राजा उदो उदो' निघालं, मोठ्यानं, घसा फाटेस्तोवर. उचलला. खाली मातीत त्याचा गोल ओला ठसा उमटला होता. छत पडलं नाही. अस्मितानं लाल परडी सरकवून घेतली आणि तिची परात आत सरकवली. घट मी त्या मोकळ्या जागेत टेकवला, तर असा बसला, जसं काही कुंभारानं मापच घेतलं होतं. पिवळे कोंब त्याच्याभोवती, शहाण्या मुलांसारखे. आणि लाल परडी काचेच्या पेटीत, मध्ये माझ्या घटाचा ओला ठसा. अस्मिता म्हणाली, "हा ठसा पुसू द्यायचा नाही." दुसऱ्या दिवशी ती बलभीमच्या गाडीतून पुण्याला गेली, पेटी मांडीवर घेऊन. बलभीम आमच्या गल्लीतलाच, भाड्याची गाडी चालवतो. त्यानं विचारलं, आत काय हाय. ती म्हणाली, घट. त्यानं वाटेत एकही गाणं लावलं नाही म्हणे.

आठव्या माळेला प्रदर्शन उघडलं. दसऱ्याला शांताक्का आल्या, नेहमीसारख्या, ओटीत आपट्याची पानं घेऊन. चप्पल काढता काढता पडदा सारून आधी घट पाहिला. पिवळे कोंब चांगले वीतभर झाले होते, लवलवत होते. त्यांनी समाधानानं मान हलवली. "झ्याक आलाय. मंग त्या दिशी रडगाणं काय गायलीस, पेराएवढा म्हणून? हात लई ग्वाड हाय तुझा." आमच्याकडं घट चांगला आला की पेरणारीच्या हाताचं नाव होतं, आणि पुढच्या वर्षीचं पेरणं त्याच हाताचं.

"माझा नाही, अक्का. हा अस्मिताच्या हातचा."

त्यांनी भुवया चढवल्या. कोंब उपटून यांच्या टोपीत खोवले, मग माझ्या केसांत खोवायला मला खाली बसवलं. बोटं भांगाशी थांबली. "आगं, हितं समदं पांढरं उगवायलंय."

"उगवू दे," मी म्हणाले. "पुष्कळ दिवस कोंडलं होतं."

तेवढ्यात अस्मिताचा फोन आला, तोंड दिसणारा. मागं लोकांची गर्दी, तिचे डोळे दमलेले आणि चमकणारे. "आई, अक्का, दाखवते. आत अंधार ठेवलाय, एका वेळी एकच माणूस सोडतात, बाहेर रांग आहे. हे बघा, दारावर नाव." तिनं फोन फिरवला. पांढऱ्या भिंतीवर काळी अक्षरं होती. शांताक्कांचा चष्मा पिशवीत. "काय लिवलंय गं?" त्यांनी विचारलं. मी वाचायला तोंड उघडलं आणि चष्मा काढून पदरानं पुसायलाच लागले. आयुष्यभर भर कोर्टात कागद वाचून दाखवलेली मी. हे माझ्या खांद्यावरून वाकले आणि त्यांनी मास्तरी आवाजात वाचलं, "'इकडंय उजेड.' खाली लिहिलंय, पेरणी, नीला."

शांताक्का हळूच म्हणाल्या, "आगं, हे तर कपाटाम्होरं पालथी पडून..." आणि त्यांचा पदर तोंडाशी गेला, हसायला की कशाला देव जाणे.

"आत जातेय आता," अस्मिता म्हणाली. दार बंद झाल्याचा आवाज आला आणि फोनचा पडदा काळाकुट्ट झाला. "दिसतंय का?"

"दिसतंय," मी म्हणाले.

"मला तर काय बी दिसंना," शांताक्का फोनला नाक लावत म्हणाल्या.

"जरा दम धरा, अक्का," मी म्हणाले. "आत्ताच तर आत आलोय."